टीमनं जमवलेलं लग्न

आमच्या शेजारचा चिनी इंजिनिअर आमच्या स्वयंपाकघरात येताना दारात मान खाली घालायचा. बर्मिंगहॅमच्या त्या जुन्या घरांची दारं काही राजवाड्याची नव्हती, पण सहा फुटी माणूस ताठ आत येईल एवढी होतीच. हा मात्र दर वेळी वाकायचा. मला वाटायचं, नम्र आहे बिचारा. माझ्या सासूबाईंना वाटायचं, याला उंचीचा माज आहे. त्या तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि माणसांत खोट काढायचं काम त्यांनी व्हिजिटर व्हिसावरही चालू ठेवलं होतं.

खरं कारण त्यानंच एकदा सांगितलं. त्याचे आईवडील दोघंही त्यांच्या प्रांताच्या बास्केटबॉल टीममधले. टीमच्याच क्वार्टर्समध्ये तो वाढला. तिथे येणारेजाणारे सगळेच दारात वाकायचे. माणूस मोठा झाला की दारात वाकतो, अशी त्या पोराची समजूत झाली, आणि मोठा झाल्यावर तोही वाकायला लागला. सांगताना तो हसला. मीही हसले.

त्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली आणि त्याच सुमारास त्याच्या वडिलांची टीम विकली गेली. दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरातल्या धनिकानं ती खेळाडूंसकट उचलून आपल्या गावी नेली. बागेच्या कुंपणापलीकडे, हातात नॅपीची पिशवी घेऊन, त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

"माझ्या लग्नाला बाबा आले नाहीत, टीमचे सामने होते. आता टीमच नाही," तो म्हणाला. "आई तर केव्हाच गेली. आता त्यांच्याकडे फक्त मी आहे. आणि ही छोटी."

वडिलांनी यायचं कबूल केलं होतं. त्यानं घर रंगवून घेतलं आणि लांब पलंग आणला. इतका आनंद झालेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि मी बँकेत बोनसच्या दिवसांतही काम केलंय.

वडील आले. आमच्या दारात ते खरोखर वाकले, आणि तरीही केस चौकटीला घासले. सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले. सून सिझेरियनमुळे घरी झोपून होती, म्हणून बाळाला छातीशी धरून मुलगा बरोबर आला होता. सासूबाईंनी शिरा केला होता. खोट काढायला जागाच नाही असा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"अगं विचार ना त्यांना, टीममध्ये कसे गेले?" त्यांनी मला ढोसलं.

मग सुरू झाला टीमचा इतिहास. म्हातारा चिनीत सांगायचा, मुलगा इंग्रजीत, मी मराठीत. बाहेर सगळं रेशनवर होतं त्या काळात टीमला रोज अंडी, दूध, मांस. लग्नही टीमच्या साहेबांनीच जमवलं. मुलींच्या टीममधली सगळ्यांत उंच मुलगी दाखवली आणि म्हणाले, तुम्हा दोघांची बेरीज चार मीटरला टेकते, आणखी काय पाहिजे?

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "बघूनच करावं."

बरोबर वाटणारच. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला चपला काढून चौकटीशी उभं केलं होतं. पाच फूट भरत नाही म्हणून आठवडाभर निरोप पाठवला नव्हता. हे त्या आजही सणावाराला पाहुण्यांना सांगतात, माझ्याच हातचं जेवता जेवता.

"मग हा झाला," मुलगा सांगू लागला. हा म्हणजे तो स्वतः. वडिलांचे शब्द तो होते तसे पुढे देत होता. "साहेब स्वतः दवाखान्यात बघायला आले. दहाव्या वर्षी मनगटाचा एक्स-रे काढला. हाडं बघून डॉक्टर सांगतात, पोरगं किती वाढेल. दोन मीटर पाच, म्हणाले. टीमनं त्याला ठेवून घेतलं, खाऊ घातलं. सोळाव्या वर्षी तो वाढायचा थांबला."

बाळ कुरकुरलं. त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं आणि पुढचं सांगितलं. "आम्ही दोघांनी टीमला गुडघे दिले आणि एक मुलगा दिला. मुलगा त्यांनी परत पाठवला."

मी थांबले. "काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं आणि त्याच्या ताटलीत आणखी शिरा वाढला. नापास झालेल्याला वाढतात तसा.

पुढे लीग प्रोफेशनल झाली. टीमच्या नावापुढे आधी सिगारेटचं नाव लागलं, मग दारूचं, मग बिल्डरचं. बाहेरून अमेरिकन खेळाडू आले. म्हाताऱ्याची कोचची नोकरी गेली, त्याला हॉलच्या किल्ल्या सांभाळायला बसवलं. शेवटी टीम विकली तेव्हा त्याला कुणी सांगितलंही नाही. सकाळी हॉल उघडायला गेला तर लाकडी जमीन उखडत होते.

एवढं सांगून झाल्यावर मुलगा उठला आणि त्यानं बाळ वडिलांच्या मांडीवर ठेवलं. त्याचा चेहरा पाहून मला भीती वाटली. इतकी आशा चेहऱ्यावर घेऊन कुणी कुणासमोर उभं राहू नये.

म्हाताऱ्यानं बाळाचं पाऊल आपल्या अंगठ्याशी लावून पाहिलं. हात सरळ करून पाहिला. मनगट चिमटीत धरलं. एक वाक्य बोलला आणि बाळ परत दिलं.

"आईवर गेलीय, म्हणतात," मुलगा म्हणाला. त्याची बायको माझ्याएवढीच होती.

"बरंय की," सासूबाई म्हणाल्या. "उंच मुलींना स्थळं मिळत नाहीत." हे मी पुढे पोचवलं नाही. सासूबाई आणि म्हातारा, दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा असं मला वाटत होतं, पण मी चहाचे कप उचलले.

ते निघाले. मुलगा बाळाला घेऊन पुढे झाला आणि दारात नेहमीसारखा वाकला. मागून म्हातारा काहीतरी बोलला, अगदी मऊ आवाजात. मुलगा तसाच वाकलेला थांबला.

"काय म्हणाले?" सासूबाईंच्या सवयीनं मीच विचारलं.

त्यानं मान वर न करता सांगितलं. "म्हणतात, वाकू नकोस. तुला गरज नाही."

म्हातारा महिन्यानं परत गेला. नंतर मुलगा आमच्याकडे यायचा तो सरळ चालत, मान ताठ ठेवून. त्याच्या डोक्याच्या वर चौकटीपर्यंत बरीच जागा उरायची.