साडूंचा बिबट्या

आमच्या साडूंच्या फोनमध्ये शिरलेला बिबट्या मूळचा कुठल्याही देशातला असो, संध्याकाळपर्यंत तो कोल्हापूर जिल्ह्याचा रहिवासी झालेला असायचा. व्हिडिओत त्याच्या मागे बर्फ दिसत असलं तरी अण्णांना त्याची अडचण वाटायची नाही. मूळचा आवाज ते बंद करायचे, जयसिंगपूरच्या आपल्या खत-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून त्यावर स्वतःचा आवाज चढवायचे आणि सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवून द्यायचे. "ह्यो बघा, आपल्या गडमुडशिंगीच्या शिवारात, वड्याच्या कडंला. आज सकाळचा हाय. बायामाणसांनी एकटं वैरणीला जाऊ नका." बर्फाचं काय, असं मी एकदा विचारलं. "धुकं हाय ते," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. मी कोल्हापुरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, राहायला शाहूपुरीत. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही मामी म्हणतो, गडमुडशिंगीला मळ्यातल्या घरात दोन म्हशींच्या सोबतीनं एकट्या राहतात. त्यांच्या दोन जावयांपैकी एकानं जन्मभर जनावरांचा अभ्यास केलेला आणि दुसऱ्यानं जन्मभर युरियाची पोती विकलेली. बिबट्याच्या बाबतीत मामींनी कुणाचं ऐकावं, हे खरं तर सांगायला नको. पण त्या ऐकायच्या अण्णांचं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मामी मला 'पावणं' म्हणतात. अण्णांना मात्र पहिल्यापासून 'अण्णा', तेही अरेतुरे करून. माझ्यासाठी कपाटातली कपबशी बाहेर यायची आणि अण्णा चुलीपाशी बसून पितळीतून चहा प्यायचे.

एकदा अण्णांनी पाच फण्यांचा नाग पाठवला. मी तो नीट पाहिला. पाचही फणे एकाच वेळी, एकाच बाजूला, एकाच तालात डुलत होते, कारण एकच फणा उचलून पाचदा चिकटवलेला होता. मी कुटुंबाच्या ग्रुपवर हे सविस्तर लिहिलं, फण्यांभोवती गोल काढून दाखवले. माझ्या लेखाला एकच अंगठा आला, तो सुनंदाचा, आणि तोही ती माझ्या शेजारी बसली होती म्हणून. अण्णांच्या नागाला मात्र पार निपाणीपर्यंतच्या पाहुण्यांनी हात जोडले होते. मी फोन करून अण्णांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रोफेसर, हात जोडल्यानं कुणाचं काय बिघडलं?" त्यांना राग कधी यायचाच नाही, आणि भांडणाची सगळी तयारी करून गेलेल्या माणसाला याच्याइतकी चीड दुसऱ्या कशाची येत नाही.

मग एका दिवाळीत मी चंगच बांधला. जेवणं झाल्यावर मामींच्या टीव्हीला फोन जोडला आणि अण्णांचा एक बिबट्या थांबवत थांबवत सगळ्यांना दाखवला. भिंतीची सावली उजवीकडे आणि बिबट्याची डावीकडे. मोटारसायकलीमागून जाताना त्याचं शेपूट गायब. अंगावरचे ठिपके तर पावलागणिक जागा बदलत होते. अण्णाही मांडी घालून, सुपारी कातरत, मन लावून बघत होते. "डोस्कं हाय बघा आमच्या प्रोफेसरांना," असं मध्ये कौतुकानं म्हणालेसुद्धा. सगळं संपल्यावर मी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "तुमचं बराबर असंल, पावणं. पर अण्णानं फोन करून इचारलं की, कडी लावली का म्हणून."

हे मात्र खरं होतं. व्हिडिओ पाठवला की अण्णा पाठोपाठ घरोघरी फोन करायचे. बघितलं का, दार लावलं का, म्हशी आत घेतल्या का. मी खोडून काढायचो, पण फोन कुणालाच करायचो नाही. घरी येताना सुनंदा म्हणाली, "तुम्ही सांगता तेव्हा आमची परीक्षा चाललीय असं वाटतं. दाजी सांगतात तेव्हा कुणीतरी विचारपूस करतंय असं वाटतं." घरी पोचल्यावर तिनं शाहूपुरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची खिडकी बिबट्यासाठी लावून घेतली.

ऊसतोडीची टोळी मामींच्या रानात आली त्या हंगामातली गोष्ट. फडाच्या मधोमध तोडकऱ्यांना तीन पिल्लं सापडली आणि बिबट्याची पिल्लं म्हणून तोड थांबली. मामींनी दोघाही जावयांना फोन केले. आधी कुणाला केला ते मी विचारलं नाही. जवळ असल्यामुळे मी आधी पोचलो. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. एक तरणा गडी पिल्लू छातीशी धरून फोटो काढून घेत होता आणि मादी पळून जावी म्हणून पाचट पेटवायचं घाटत होतं. पिल्लं रानमांजराची होती. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं, कान बघा, पाय बघा, अंगावर ठिपके आहेत का बघा. हात लावू नका, आई जवळच असेल, ती घेऊन जाईल. टोळीचा मुकादम म्हणाला, "सर, व्हिडिओ बघितलाय आमी. ह्याच शिवारातला हाय." तो व्हिडिओ कुणाचा, हे मला विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात अण्णांची जीप आली. मी त्यांना बाजूला ओढलं आणि म्हणालो, "आता तुम्हीच सांगा या लोकांना, तो बिबट्या खोटा होता म्हणून." अण्णांनी पिल्लांकडे बघितलं. "मांजराची हायत व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. हो म्हटलं. "उचलून नेली तर?" मरतील म्हटलं. त्यांनी मान हलवली, बांधावर चढले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिबट्याचीच हायत. मादी उसात बसून बघत असती. ज्याच्या हाताचा वास पिल्लाला लागला, त्याच्या दारापतूर ती वास काढत येती. ठिवा खाली. पाचट पेटवलं तर गावातच शिरंल. चला, मागं व्हा."

प्राणिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात असलं काही नाही. पण त्या तरण्या गड्यानं पिल्लू अलगद खाली ठेवलं आणि हात धुवायला बोअरकडे पळत सुटला. बघता बघता फड रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन पाहिलं तर पिल्लं नव्हती आणि ओल्या सरीत मांजराच्या पावलांचे ठसे होते. ते ओळखणारा मी एकटाच आणि बघायला आलेलाही मी एकटाच. गावात मात्र, अण्णानं बिबट्याची मादी परतवली, असं झालं होतं. पिल्लं वाचल्याचा आनंद मला झाला, नाही असं नाही. पण माझ्या खऱ्यानं जे झालं नाही ते त्यांच्या खोट्यानं एका दमात केलं, आणि ही जळजळ आजही गेलेली नाही.

पिल्लं सापडली त्या संध्याकाळी अण्णा मला जीपमधून शाहूपुरीला सोडायला आले, तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, "अण्णा, हे सगळं खोटं असतं, हे तुम्हाला कळतं ना?" जीप चालवता चालवता ते म्हणाले, "मामी एकट्या ऱ्हात्यात, प्रोफेसर. तुमची काळजी वाटती म्हटलं तर म्हणत्यात, मला काय धाड भरलीया? बिबट्या आला म्हटलं की कडी लावत्यात."

"आणि आज लोकांनी त्या पिल्लांना मारलं असतं तर? तुमच्याच व्हिडिओमुळं मारलं असतं."

अण्णांनी समोरून आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली. मग म्हणाले, "तुमी हुता की तितं."

गेल्या उन्हाळ्यात दुकानात खताची गाडी उतरवून घेताना अण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि सांगलीच्या वाटेवरच ते गेले. जयसिंगपूरला माणसं मावत नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा माझी मेहुणी भिंतीला टेकून बसली होती आणि फोनवर एक बिबट्या लावून ऐकत होती. बघत नव्हती, नुसती ऐकत होती. "आपल्या गडमुडशिंगीच्या शिवारात, वड्याच्या कडंला." संपलं की परत लावायची. खोलीतल्या प्रत्येकाकडे अण्णांचा आवाज होता, कुणाच्या बिबट्यावर, कुणाच्या नागावर. मी तेवढा कोरडा होतो. त्यांचा व्हिडिओ आला की पुसून टाकायचा, असा माझा नेम होता. सुनंदाकडून एखादा मागून घ्यावा असं फार वाटलं, पण कुठल्या तोंडानं मागणार?

परवा संध्याकाळी मामींचा फोन आला. गावातल्या कुणीतरी नवा बिबट्या पाठवला होता. आवाज कुणाचाच नाही, नुसतं संगीत. "पावणं, ह्ये खरं हाय का वो?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच विचारलं. मी तो मागवून घेऊन बघितला. पायऱ्या चढताना त्या बिबट्याला मध्येच पाचवा पाय फुटत होता. मी मामींना परत फोन लावला आणि कसा ओळखायचा ते सगळं समजावून सांगितलं. त्या व्हय व्हय करत राहिल्या. माझं संपलं, तरी त्या फोन ठेवेनात. शेवटी मीच म्हणालो, "मामी, तरीपण कडी तेवढी लावून घ्या."

"लावली की मगाशीच," मामी म्हणाल्या. "अण्णा सांगून गेलाय न्हवं."