तांबडा दिवा आणि मारोतरावांचा शब्द

मारोतराव मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट एका रुसलेल्या जीपमुळे झाली. मी तेव्हा सेलूला शाळेत मराठी शिकवत होतो. शेतीसाठी घेतलेली आमची जुनी जीप रोज सकाळी रेडिएटरला तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय निघत नसे. एकदा स्पर्धेहून मुलांना घेऊन परतताना ती पाथरी रस्त्यावर थांबली ती थांबलीच. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, उन्हं कलती. मुलं कंटाळू नयेत म्हणून मी त्यांना कविता म्हणायला लावल्या. तेवढ्यात सायकलवरून पंचविशीतले मारोतराव आले. बोनेटला हात न लावता त्यांनी विचारलं, "गुरुजी, बंद पडायच्या आदी गाडी काय बोलली?"

वर्गात इतकी वर्षं कविता शिकवली, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

मारोतरावांचं घराणं मेंढरं राखणारं. कळपातलं दुखणारं जनावर त्यांचे वडील नुसत्या चालीवरून ओळखत, असं ते सांगतात. गॅरेजमध्येही त्यांची रीत तीच. पाना नंतर, आधी विचारपूस. तीही घरातल्या प्रत्येकाची, एकेकट्याची. "चारचौघांत माणूस खरं बोलत न्हाई, गुरुजी," असं त्यांचं म्हणणं.

विजेच्या गाड्या आपल्या भागात दिसू लागल्या, तेव्हा मारोतराव सत्तावन्न वर्षांचे होते. वही घेऊन ते परभणीला शिकायला जाऊन बसले, आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांमध्ये. त्या वहीचं पहिलं पान मी पाहिलं आहे. त्यावर एकच ओळ होती: "नारिंगी वायरीला हातमोज्याशिवाय हात न्हाई." त्या वायरींत जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो. इतकी नेमकी ओळ भल्याभल्यांना साधत नाही.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या अविनाशने विजेची गाडी घेतली आहे. सूनबाई स्वाती ती घेऊन रोज परभणीला नोकरीवर जाते, नातीला तिथल्या शाळेत सोडते. एका सकाळी स्टिअरिंगसमोर तांबडा दिवा लागला. वर्तुळात उद्गारचिन्ह. ते जपून वापरा, असं मी जन्मभर मुलांना सांगत आलो, आणि इथे ते आपोआप पेटलेलं! थोड्या वेळाने दिवा विझला. मायलेकी निघाल्या. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला, तो जाईना. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दहा दिवसांनी नंबर होता. अविनाशने हळूहळू गाडी मारोतरावांकडे नेली. मी आणि स्वातीही सोबत गेलो.

हा दिवा ब्रेकचा, मारोतराव म्हणाले. हँडब्रेक पुरता सुटलेला होता. छोटी बॅटरी मीटरवर ठीक होती. मग मारोतरावांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं टोपण उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ऑइल गढूळ होतं. मागच्या डाव्या चाकाचा पाईप ओलसर होता, तिथून ते हळूहळू झिरपत होतं.

"वहिनी, ब्रेक ढिला लागत नव्हता का?"

"नाही हो. पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते. ब्रेक फारसा दाबावाच लागत नाही."

"तीच तर गोम हाय. मोटरच गाडी आवरती, म्हणून ब्रेकचं दुखणं कळत न्हाई. ज्या दिवशी खरंच दाबावा लागंल, त्या दिवशी कळतं."

मला मागच्या सीटवर बसणारी नात आठवली.

मग एकेकाला बोलावणं झालं. शेवटी माझी पाळी. त्यांनी मला गाडीत शेजारी बसवलं, दारं लावून घेतली आणि अगदी हळू विचारलं, "गुरुजी, जीपला रोज तांब्याभर पाणी घालत होता तुमी. हिच्यातबी घातलं का?"

मी मान खाली घातली. पहिल्या सकाळी दिवा लागला, तेव्हा बोनेट उघडून मला एक डबी कमी भरलेली दिसली होती. जुन्या सवयीने मी ती तांब्यातल्या पाण्याने भरली. दिवा विझला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

"लय बरं केलं सांगितलं," मारोतराव म्हणाले. "न्हाईतर मी पाईप तेवढा बदलून गाडी दिली असती."

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, "ऑइलमधी पाणी गेलंय. तापलं की वाफ होती, मग ब्रेक लागत न्हाई. सगळं उपसून, लाईन धुऊन, रबरं आन् पाईप बदलावा लागंल."

"पण पाणी गेलं कसं?" अविनाशने विचारलं.

"कसं गेलं ते मला कळलंय. परत जाणार न्हाई, हा माझा शब्द."

"मिस्त्री, गाडीचंबी गुपित ठेवायलात का आता?" अविनाश हसला.

"डाक्टर ठेवत न्हाईत का? चहा सांगा."

तीन दिवस त्यांनी गाडी ठेवून घेतली. चौथ्या दिवशी मला शेजारी बसवून त्याच पाथरी रस्त्याला नेलं. मोकळ्या जागी वेग घेतला आणि करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. समोरचं उद्गारचिन्ह मावळलेलं होतं.  कापूस याही वेळी फुटला होता.

मारोतरावांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. मी वयाने मोठा, तेव्हा आशीर्वादाचा हक्क माझा: मारोतराव, तुमचे कान असेच तिखट राहोत, हातांना कंप न येवो आणि तुमच्या शंभरीच्या अंकात लिहायला माझी नात असो. ती आहे, ती तुमच्यामुळे.

आणि अविनाश, स्वाती, ते पाणी मी घातलं होतं. या भल्या माणसाने वर्षभर ते ओझं एकट्याने वाहिलं. त्यांच्या साठीला ते मी उतरवून घेतो आहे. स्वाती रोज निघते, मी ओट्यावरून हात हलवतो. माझा तांब्या आता फक्त तुळशीपर्यंत जातो.