अकरा जर्सींची ओळख परेड

ओळख परेड माणसांची होते. माझ्या नोकरीत एकदा ती जर्सींची झाली, आणि तो दिवस मला आजही लख्ख आठवतो.

वडील मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आले, म्हणून मी जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यात भरती झालो. निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक मेक्सिकन आजी दुभाष्याला घेऊन ठाण्यात आल्या. नजर जवळजवळ गेलेली. त्यांच्या इमारतीच्या केलरमधून, म्हणजे तळघरातल्या सामानाच्या खोलीतून, एक पेटी चोरीला गेली होती. पेटीत अकरा जुन्या हिरव्या फुटबॉल जर्सी. त्यांच्या गावात खाण होती आणि खाणकामगारांचा क्लब होता. खाण बंद पडली, पाठोपाठ क्लबही संपला. आजींचे वडील संघाचे कपडे सांभाळायचे, आई ते शिवायची.

"तो क्लब आता एवढाच उरलाय," त्या म्हणाल्या.

आम्ही स्थानिक वर्तमानपत्रात निवेदन दिलं. चौथ्या दिवशी डार्मश्टाटहून फोन आला. पीएच.डी. करणारी कोल्हापूरची मुलगी होती, जुन्या जर्सी जमवणारी. माझं आडनाव ऐकताच ती जर्मन सोडून मराठीवर आली.

"काका, मी फ्लोमार्क्टमधून सात नंबरची घेतलीय. पेपरातल्या वर्णनासारखीच आहे. मी यात अडकणार नाही ना? माझा व्हिसा रिन्यूअलला आहे."

"जर्सी घेऊन ये आणि जबाब दे. स्वतःहून आलीस, हे मी कागदावर लिहीन."

ती आली. फ्लोमार्क्टमधला, म्हणजे जुन्या बाजारातला, तो विक्रेता तिनेच दाखवला. झडतीत त्याच्याकडे हिरव्या जर्सींचा ढीग सापडला. चौकशीत मात्र तो जराही डगमगला नाही.

"असल्या जर्सी कुठेही मिळतात. यातल्या तिच्या कोणत्या, ते सिद्ध करा."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजींकडे ना फोटो होता, ना पावती.

मग मी मुलीची जर्सी त्या ढिगात मिसळली आणि एकूण वीस जर्सी टेबलावर मांडल्या. समोर सरकारी वकील, विक्रेता आणि त्याचा वकील. आजींनी पहिली उचलली, उलटी केली आणि आतून बोटं फिरवली.

"ही आमची नाही." दुसरी. "हा गोलरक्षक. कोपराला आमच्या स्वयंपाकघरातला पडदा लावलाय."

मी पाहिलं. आत बारीक फुलांचं कापड होतं.

"चार नंबर. दोन भाऊ आलटून पालटून घालायचे. धाकटा रुंद, म्हणून बगल उसवून वाढवली." पुढची त्यांनी बराच वेळ हातात धरली. "हा नऊ नंबर. खाणीत गाडला गेला. त्यानंतर ही कोणी घातली नाही. शिवण आईचीच, पण याला ठिगळ सापडणार नाही."

खरंच नव्हतं.

वीसपैकी अकरा आजींनी वेगळ्या काढल्या, आणि प्रत्येकीच्या आत त्या सांगतील तेच निघालं. एक अख्खा संघ त्या बाईने बोटांत जपला होता.

विक्रेत्याने वकिलाकडे पाहिलंही नाही. "शेजारचं केलर रिकामं करायला गेलो होतो," तो म्हणाला. "पेटी मीच उचलली."

फिर्याद नोंदवताना मी 'जुने कपडे, नग अकरा' एवढंच लिहिलं होतं. सगळी नोकरी मी असंच लिहीत आलो होतो. त्यानंतरच्या वर्षभरात कोणीही फिर्याद घेऊन आलं की मी आधी पेन खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "ती वस्तू कोणाची होती, तिथून सांगा."