तळघरातली खंडेनवमी

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. दिवे, लिफ्ट, पाणी, आणि जेवताना ज्याचं नाव कोणी काढत नाही ते सांडपाणी. ते शुद्ध करायचं यंत्र तळघरात आहे. त्याची मोटर जळून बरेच महिने झाले होते आणि दुरुस्तीची माझी मागणी दर बैठकीत 'पुढच्या वेळी बघू' म्हणून परत येत होती. तोवर घाण पाणी मागच्या ओढ्यात जात होतं.

त्याच ओढ्याकाठच्या शाळेला कंपनीने, सामाजिक जबाबदारी म्हणून, पाण्याचा फिल्टर द्यायचं ठरवलं. घाण आम्हीच सोडायची, गाळणीही आम्हीच द्यायची, वर फोटो! जागा बघायला मला पाठवलं. शाळेशेजारच्या विहिरीवर एक बाई पाणी काढत होत्या. माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड बघून म्हणाल्या, "फिल्टर कशापायी देता, मॅडम? तुमची घाण वड्यात येती, ती बंद करा की. हिरीचं पानी पोरं पीत न्हाईत आता."

मला फार लाज वाटली. परतताना कंपनीच्या बसमध्ये त्या लाजेचा राग झाला, आणि सदाशिव पेठेत घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं, आता अर्ज पुरे.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. सर्व्हर, जनरेटर, अगदी कॉफीच्या मशीनलाही झेंडूची माळ. संचालक साहेब स्वतः नारळ फोडतात आणि बटण दाबून यंत्र सुरू करतात. ते सुरू झालं की वर्ष चांगलं जाणार, हे ते मनापासून मानतात. त्या वर्षी पूजेची व्यवस्था मी मागून घेतली आणि शेवटची पूजा तळघरात ठेवली.

"अहो, इथे?" साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हेही यंत्रच आहे, साहेब."

त्या वासापुढे उदबत्तीचं काही चाललं नाही. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, साहेबांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मागचे सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"बंद आहे? मग आधी सांगायचं नाही का?"

"आधीपासूनच सांगतेय. आपणच 'पुढच्या वेळी बघू' म्हणत होता."

साहेबांचा चेहरा लाल झाला. नोकरी गेली, असं मला वाटलं. तरी पेढ्यांचं ताट घट्ट धरून मी उभी राहिले. "यंत्र सुरू झाल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, साहेब. प्रसाद त्यानंतर."

दसरा झाल्यावर लगेच नवी मोटर बसली. साहेब पुन्हा खाली आले, त्यांनी बटण दाबलं, मोटर घरघरली. पेढे मात्र नव्याने आणावे लागले.

थंडीत मी पुन्हा त्या विहिरीवर गेले. ओढ्याचा वास गेला होता. मी मोठ्या आशेने बघत होते. बाईंनी पाणी काढलं, हुंगलं, आणि मेथीच्या वाफ्यात ओतून दिलं.

"आजून न्हाई, मॅडम. इस्वास बसायला येळ लागतो."

"लागू दे," मी म्हटलं. "तोवर मी येत राहीन."