मालिकेतली आंधळी बाई

मालिकेतल्या आंधळ्या बाईचा मला भयंकर राग येतो. हिंदी असो की मराठी, नटीला आंधळी व्हायला सांगितलं की ती दोन्ही हात पुढे पसरून चालायला लागते, जिन्याच्या पहिल्याच पायरीला अडखळते आणि टेबलावरचा काचेचा जग पाडते. जग फुटला की घरातले आठ जण धावत येतात. आठही जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, मागे धाडधाड वाजतं आणि जाहिराती लागतात.

माझ्या आईची नजर आमच्या घरात तीन-चार वर्षं कमी कमी होत गेली. तिने एक पेला पाडला नाही की ती कधी हात पुढे करून चालली नाही. आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून मालिका कशा खोट्या असतात यावर भाषणं देत होते. माझा सगळा राग तिथला आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव दवनीवाड्याच्या पुढे, आडरस्त्याला. बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये पोती उचलायचे आणि आई घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, एका बाजूला तंबाखू, गुडघ्याशी धाग्याचं रीळ. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू घालायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, धागा मारायचा. आईचे हात इतके सरावलेले होते की ती बोलत असो, रागावत असो, बोटं थांबायची नाहीत.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास बाबांनी गोंदियाहून जुना कलर टीव्ही आणला. संध्याकाळी ऐन मालिकांच्या वेळेला लाईन जायची, म्हणून आदल्या दिवशीचे भाग आम्ही दुपारी पाहायचो. पाहायचो म्हणजे मी पाहायची. आई ऐकायची. बिडी वळणाऱ्या बाईची मान खालीच असते, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्याच बाया मालिका अशाच पाहायच्या.

अडचण यायची ती कोणी बोलत नसलं की. त्या मालिकांमध्ये न बोलण्याचाच भाग मोठा. सासू सुनेकडे पाहते, सून नवऱ्याकडे पाहते, नवरा भिंतीकडे पाहतो. नुसतं वाजत राहतं. मग आई विचारायची, "काय होऊन राह्यलं?"

मी सकाळच्या बसने गोंदियाला कॉलेजात जायची आणि उन्हातून परत येऊन जेवायला बसलेली असायची. माझ्या नाकावर राग कायमचा वस्तीला. मी म्हणायची, काही नाही होऊन राहिलं, एकमेकांची तोंडं पाहून राहिलेत. आईचं तेवढ्याने भागत नसे. कोण कोणाकडे पाहते, रडते की हसते, हातात काय आहे, हे सगळं तिला लागायचं. मग मी सांगायची, पण माझ्या पद्धतीने. ही बाई घरात झोपताना पण नथ घालते. या घरातला माणूस कंपनीचा मालक आहे पण कंपनीत जाताना कधी दिसत नाही. बाई स्वयंपाकघरात जाते ती दुधात विष घालायला, बाकी चूल पेटलेली कोणी पाहिली नाही. गरीब बाई आली की ती चोर, नाहीतर उपकाराखाली दबून दोन्ही हात जोडून उभी. माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि आई खुदुखुदु हसायची, म्हणून मला आणखी चेव यायचा.

एकदा एका सुनेचा नवरा विमान पडून मेला. तो मेलाच नव्हता, पुढे चेहरा बदलून परत आला, पण तेव्हा मेला होता. सून हळूहळू जिना उतरत होती. कोणी बोलत नव्हतं. मी सांगितलं, पांढरी साडी नेसून खाली येते आहे.

"विहारात चालली काय?" आईने विचारलं.

मी हसून लोळले. आमच्याकडे पांढरी साडी म्हणजे पौर्णिमा, विहार, वंदना. लग्नातसुद्धा नवरीला पांढरी साडी. मालिकेत पांढरी साडी म्हणजे नवरा मेला, आता हिने कोपऱ्यात बसायचं. हसून झाल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं आम्ही यांची घरं पाहतोय, यांचे देव्हारे, यांची व्रतं, यांच्या वाड्यातली हळदीकुंकवं तोंडपाठ झालीत, आणि यांच्या हजार भागांत आमच्यासारखं एक घर नाही. आईला मी हे तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, नसन दाखवत तर नाही, आपलं घर आपल्याले दिसते ना. आता ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण तिला दिसत नव्हतं. त्याच सुमारास तिने पानं कापण्याचं काम माझ्याकडे दिलं होतं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून, शिरा चुकवून, कैचीने कापायचं, असं ते नजरेचं काम. वळणं बोटांनी होतं, कापणं होत नाही. ती म्हणाली, "तुया हात चांगला बसला." मी फुलून गेले. शेजारणींना सांगितलं की आईला आता माझंच कापलेलं पान लागतं. ठेकेदाराचा बिड्या तपासणारा माणूस वाईट बिड्या बाजूला काढायचा, तो ढीग हप्त्यागणिक वाढत होता. आई म्हणायची, यंदाचं पानच खराब आलं. मी ते पान रोज हातात घेत होते. ते काही खराब नव्हतं. पण मला कॉलेजची परीक्षा होती आणि मालिकांवर बोलायचं होतं.

मग तो दिवस. एका मालिकेत लग्न होतं. मालिकेतलं लग्न आठ-आठ दिवस चालतं, आमच्याकडे दोन तासांत लागतं. चौथा का पाचवा दिवस होता. नवरी मांडवात येत होती, सनई वाजत होती, आणि आई दर मिनिटाला विचारत होती, आता काय, आता काय. मी उपाशी होते. मी ताट बाजूला सारलं, तिच्यासमोर गेले, तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड टीव्हीकडे फिरवलं.

"वर पाह्य ना," मी ओरडले. "मी काय जन्मभर सांगत राहू काय? पाह्य. कोणत्या रंगाची साडी हाय सांग."

आईची बोटं सुपातच होती. ती थोडा वेळ टीव्हीकडे तोंड करून बसली.

"लाल," ती म्हणाली. "चांगली हाय."

साडी पोपटी होती. ती नवरी पोपटी साडी नेसली म्हणून तिची आत्या दोन भाग रुसून बसली होती, सगळं कथानकच त्या साडीवर चाललं होतं. आईने मालिकेतली नवरी म्हणजे लाल, असा अंदाज केला होता. मला वाटलं ती माझी टर उडवते आहे, किंवा तिचं लक्षच नाही. मी म्हणाले, तुझ्यापुढे टीव्ही लावणं म्हणजे भिंतीपुढे लावणं. त्यानंतर दोन-तीन दिवस तिने काय झालं म्हणून विचारलं नाही, आणि मी शांतपणे जेवले. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण आमच्याच घरात बसून कोणीतरी रचली असावी.

पुढच्या उन्हाळ्यात टीव्ही बिघडला. मी दुपारी बसवरून आले तर घरातून मालिकेचा आवाज येत होता. आत गेले. आई नेहमीच्या जागी, मांडीवर सूप. टीव्हीत कोणीतरी हुंदके देत होतं. मग हुंदके थांबले आणि धाडधाड वाजायला लागलं. माझी चाहूल लागली तशी आईने विचारलं, "आता काय दाखवून राह्यले?"

मी टीव्हीकडे पाहिलं. पडदा काळा होता. चित्र नव्हतंच, नुसता आवाज होता.

मी विचारलं, केव्हापासून पाहतेस. ती म्हणाली, जेवण झाल्यापासून, दोन मालिका झाल्या. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्या डोळ्यांपुढे तीन बोटं धरली. किती आहेत, विचारलं. ती म्हणाली, बोटं कायले मोजाले लावतं, जेवून घे. मी हात आणखी जवळ नेला. तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. बिड्या पुऱ्या झाल्याशिवाय तिने सूप खाली ठेवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. उजव्या डोळ्याने फक्त ऊन आणि सावली कळते. डाव्या डोळ्याने माणूस कळतो, पण कोण ते आवाजावरून. कुणाला सांगितलं नाही, कारण डोळे गेले म्हटलं की ठेकेदार पानं देणं बंद करणार, आणि माझं शेवटचं वर्ष होतं.

टीव्ही दुरुस्त करणारा गोंदियाहून आला, त्याने मागचं झाकण काढलं आणि म्हणाला, "पिक्चर ट्यूब गई, बाई." टीव्हीचं निदान पाच मिनिटांत झालं.

आम्ही आईला गोंदियाला डोळ्यांच्या शिबिरात नेलं. डॉक्टर चांगला होता, पण मला त्याच्याशीही भांडावंसं वाटलं. त्याने सांगितलं की दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल, दिसेल. उजवा फार पिकला, फुगला, आत दाब वाढून नस सुकली, तो आता येणार नाही. मग त्याने माझ्याकडे पाहून विचारलं की दोन वर्षांपूर्वी का नाही आणलं, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का. आईच मध्ये बोलली. म्हणाली, पोरगी कॉलेजात जाते, तिले कुठं टाईम हाय.

ऑपरेशन झालं. आई काळा चष्मा लावून घरी आली. तंबाखूच्या धुळीत महिनाभर बसायचं नाही असं बजावलं होतं, त्यामुळे सूप भिंतीला टांगलेलं होतं. टीव्ही तोपर्यंत दुरुस्त होऊन आला होता. आई हात रिकामे ठेवून समोर बसली, मान वर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मालिका पाहत होती.

आणि नेमकी त्या मालिकेतली नायिका त्या आठवड्यात आंधळी झालेली. जिना, जग, पुढे पसरलेले हात, सगळं आलं. दोन दिवसांत ती देवळात माथा टेकणार आणि घंटा वाजताच तिला दिसायला लागणार, हे मला वाजणाऱ्या संगीतावरूनच कळत होतं. मी पेटले. मी म्हणाले, कसली थट्टा लावली आहे, आंधळं माणूस असं चालतं का, असं पाडतं का, याला काय म्हणायचं, बंद कर ते. मी उठून बटणापर्यंत गेलेसुद्धा.

"राहू दे," आई म्हणाली.

जग पुन्हा एकदा फुटताना दाखवत होते, आदल्या भागातला. आठ जण धावत आले. आठ चेहरे, तीन-तीनदा. आई काळ्या चष्म्यातून प्रत्येक चेहरा नीट पाहत होती. मी सांगायची गरज नव्हती.

"हिच्या घरच्याईले पहिल्याच दिवशी समजलं," ती म्हणाली.

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, मालिका पाहणारी कोणतीही बाई म्हणेल तसं म्हटलं होतं. मी बटणावरचा हात काढला आणि तिच्या उजव्या बाजूला, तिला मी दिसणार नाही तिथे, जाऊन बसले.