एकाच बाटलीत

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. आता थकलोय — गप्प राहायचाही शीण येतो हो.

धुळ्याच्या एका खाजगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्ताच्या बाटल्या उबेत ठेवायच्या, आत काही वाढलं की ते काय आहे ते ओळखायचं. पारोळ्याकडच्या एक काकू होत्या. रक्ताचा कॅन्सर, केमो चालू, मानेत औषधाची नळी, अन् ताप हटत नव्हता. त्यांच्या रक्ताच्या दोन बाटल्या आल्या. शनिवारी दुपारी एकीत वाढ दिसली. मायक्रोस्कोपखाली बघितलं — यीस्ट.

आता यीस्ट म्हणजे काय? तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात असतंच ते, गुमान पडून. अंगातली ताकद गेली की डोकं वर काढतं. कोंब काढून मांसात शिरतं, नळीच्या आत चिकट थर धरून बसतं, मग औषधालाही दाद देत नाही. रक्तात दिसलं की डॉक्टरांना तडक फोन करायचा, अन् कोंब फुटतात का ते बघायला सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पाण्यात, दोन-तीन तास ठेवायचं. लॅबमधल्या नव्या मुलींना हे मीच शिकवतो.

मग मी काय केलं? त्या दिवशी मित्रांची शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजायला घेतली, असा फोन येऊन गेलेला. लॅबमध्ये मी एकटाच. आमच्यात एक सोयीचा शब्द आहे — दूषित. दोनपैकी एकाच बाटलीत वाढ, म्हणजे कातडीवरचं काहीतरी आलं असेल, नमुना पुन्हा पाठवा. जिवाणूंच्या बाबतीत हे कधीकधी चालतं. यीस्टला नाही. मला माहीत होतं — माहीत असून रिपोर्टवर 'दूषित' लिहिलं.

काउंटरपाशी काकूंचे मालक उभे, नाना. "भाऊ, बठ्ठं ठीक शे ना?"

"ठीक शे, नाना," मी म्हणालो, अन् निघालो. भरीत पोटभर खाल्लं, तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या नमुन्यात, मंगळवारी, दोन्ही बाटल्यांत यीस्ट आलं. दोन तासांत कोंब फुटले. तेव्हा फोन केला. औषध सुरू झालं, पण गुरुवारी काकू गेल्या. शनिवारीच कळवलं असतं तर वाचल्या असत्या का? कोण सांगणार — या प्रश्नाआड मी इतकी वर्षं लपलो.

पंधरवड्याने नाना जुने रिपोर्ट न्यायला आले. चिडले नाहीत. बाकावर बसून म्हणाले, "तुम्ही ठीक शे सांगं, म्हनीसन पोरीसले बलावं नही." दोन्ही मुली सुरतेला दिलेल्या; माझ्या शब्दावर त्यांना बोलावलंच नव्हतं. रविवारी काकू बोलत होत्या. मुली पोहोचल्या तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती.

मी रिपोर्ट दिले. पहिलाही दिला. नानांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. यीस्टचं नाव त्यात मी घातलंच नव्हतं. कागद घडी करून खिशात ठेवत ते "येतो भाऊ" म्हणाले, अन् मी "या, नाना" म्हणालो.