डाव्या सीटचा पट्टा

अप्पा गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. मी गाडी चालवत होते आणि अप्पा माझ्या डाव्या हाताला बसलेले होते. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी वाकून बघितलं, नाडी धरली, म्हणाले, ‘‘आणायला उशीर झाला.’’ उशीर झाला... उशीर काय आपोआप होतो? ॲम्ब्युलन्सला फोन मी स्वतः केला होता. ‘निघालीय’ म्हणाले. परत केला. ‘निघालीय.’ आमच्या खेड्यांकडं यायला ती कायम निघालेलीच असते. त्यावर मी पत्रकं काढलीत, चौकात घसा कोरडा केलाय, आणि पुढंही गप्प बसणार नाही. पण आज अप्पांबद्दल लिहायचंय, आणि त्या गाडीबद्दलही. गाडी वगळून अप्पा सांगताच येत नाहीत.

शरणाप्पा आमचे शेजारी. जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. लोहारा, भूम, कळंब, सगळ्या वाटांवरचे खड्डे त्यांना नावानिशी ठाऊक. त्यांची बायको, आमच्या महादेवीकाकू, नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्याच तर थेट मागच्या बाकावर. ‘‘ड्रायव्हरची बायको पुढं बसली की पॅसेंजर म्हंत्यात, गाडी घरचीच हाय जणू,’’ असं त्या सांगायच्या. अप्पांना हे आत कुठंतरी लागून राहिलं असावं. रिटायर झाल्यावर त्यांनी एका जुन्या मासिकातला फोटो पत्र्याच्या शेडमध्ये चिकटवला. परदेशातली जुनी उघडी मोटार, लांब नाकाची, बसकी, दोनच सीटची. ‘‘गावभर माणसं वाहिली. आता दोघंच,’’ म्हणाले. भंगारातल्या जीपचा सांगाडा आणला, ट्रॉल्या बनवणाऱ्या मित्राकडून पत्रा ठोकून घेतला, आणि त्या फोटोची हुबेहूब नक्कल करायला बसले.

हुबेहूब काही झाली नाही, कारण दर आठवड्याला शेडच्या दारात काकू चहा घेऊन उभ्या राहायच्या. ‘‘अवो, टप न्हाय व्हय हिला? वैशाखात भाजून मारता का मला? त्यापरीस ट्रॅक्टर काय वाईट!’’ झालं, ताडपत्रीचा घडीचा टप आला. फोटोतला सायलेन्सर दाराखालून बाहेर निघायचा, लई झोकदार दिसायचा. पण उतरताना काकूंचं लुगडं त्याला चिकटेल म्हणून अप्पांनी तो मागं नेला. नाक इतकं खाली होतं की आमच्या गावच्या पहिल्याच स्पीडब्रेकरनं ते उपटून नेलं असतं, म्हणून गाडी उचलली. तारांची चाकं नकोत, पंक्चर काढायला कोण बसलंय? जीपचीच साधी चाकं राहू दिली. रेडिएटर मोठा घेतला. काकूंचे गुडघे दुखतात, तर दार रुंद केलं, सीट वर घेतली, समोर धरायला कडी लावली. मी चिडवायचे, ‘‘अप्पा, ही नक्कल राहिली कुठं? फोटोतल्या गाडीला तर पट्टेसुद्धा नाहीत.’’

‘‘फोटोतल्या गाडीत तुझी काकू बसणार न्हाय,’’ अप्पा म्हणायचे. ‘‘ह्यात बसणार हाय.’’

पट्ट्यांबाबत ते फारच कडक. खांद्यावरून येणारे, चांगले रुंद पट्टे त्यांनी शोधून आणले. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, ते याच गाडीवर, गल्लीतल्या गल्लीत. पट्टा खटकन् लागून दोनदा ओढून बघितल्याशिवाय किल्ली हातात मिळायची नाही. ‘‘पत्रकात दुनियेला शिकवतीस अन् सोता मोकळी बसतीस व्हय गं? अन् ती उद्गारचिन्हं कमी कर. वाचताना हॉर्न वाजल्यागत होतंय!’’

एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं नाही. काकू म्हणत होत्या, मागं एक बारकी सीट टाका, वेळेला कोणी असतंय. मागं जागा होती ती एवढीशी... एक सीट बसेल, नाहीतर एक स्टेपनी. अप्पांनी स्टेपनी घेतली. ड्रायव्हर माणूस, स्टेपनीवाचून उन्हात अडकून पडलेला. ‘‘अन् तिसरं कशाला पायजे आपल्याला?’’ असं हसत म्हणाले, तेव्हा काकू लाजून आत गेल्या.

गाडी तयार होती, पण रस्त्यावर आणायचे कागद व्हायचे होते. तोवर ती गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत यायची. कागद झाल्याशिवाय पूजा नाही, असं अप्पांचं. पूजा झाल्याशिवाय मी बसणार नाही, असं काकूंचं. चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून पहिली फेरी नळदुर्गला, दोघांचीच, असं ठरलेलं. त्यामुळं ज्या बाईच्या मापानं ती अख्खी गाडी घडली होती, ती बाई एकदाही तिच्यात बसली नव्हती.

त्या दिवशी बाजार होता. गावातल्या जीपा सगळ्या गेलेल्या. अप्पा शेडमध्येच छाती धरून खाली बसले, घामानं भिजलेले. दोन फोन करून झाल्यावर मी किल्ली घेतली. काकूंनी आणि मी त्यांना उचलून डाव्या सीटवर बसवलं, मी पट्टा ओढून घट्ट केला. आणि मग काकू दारापाशी उभ्या राहिल्या... बसायला जागाच नव्हती. मागं स्टेपनी. ‘‘गाडीची पूजा न्हाय झाली गं,’’ एवढंच त्या बोलल्या. आरशात मला त्या गल्लीच्या तोंडापर्यंत पळत येताना दिसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मग नाही दिसल्या.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा अप्पांनी मान वळवली. ओठ हलले. मी खाली झुकले. ‘‘तुजा... पट्टा?’’ मी लावलाच नव्हता. एका हातानं ओढून लावला, खटका वाजला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. काकू मागून कुणाच्या तरी मोटारसायकलवर आल्या. चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या ताटाशेजारी बसल्या, त्याच्या शेवटच्या वाटेवर शेजारी बसायला मिळालं नाही त्यांना. का? कारण हाती घडवलेल्या दोन सीटच्या हौसेच्या गाडीला ॲम्ब्युलन्स व्हावं लागलं. हे मी पत्रकात लिहिणार आहे. उद्गारचिन्ह एकही टाकणार नाही.

गेल्या आठवड्यात काकूंनी मला शेडमध्ये बोलावलं. ‘‘ती स्टेपनी काढ.’’ ट्रॉलीवाल्या मित्रानं त्या जागी बारकी सीट ठोकून दिली. मी गाडी पुसायला घेतली. डाव्या सीटचा पट्टा अजून तेवढाच होता, त्या दिवशी मी ओढला तेवढा. सैल करायला हात घातला तर काकू म्हणाल्या, ‘‘हात लावू नगंस.’’ त्यांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटला हळदीकुंकू लावलं. मग डाव्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः ओढून खटकन् लावला, दोनदा हिसकून बघितला, आणि कडीला धरून, गुडघा दाबत, मागच्या सीटवर चढल्या.

‘‘काकू, पुढं बसा की. ती जागा तुमच्यासाठीच केलीय त्यांनी.’’

‘‘मी त्येंच्या गाडीत मागंच बसत आलीय,’’ म्हणाल्या. ‘‘चल. गल्लीच्या तोंडापत्तर.’’

मी पट्टा लावला. लिंबं चाकाखाली फुटली. गल्लीतून जाताना मी एकदाच डावीकडं बघितलं... रिकाम्या सीटवर पट्टा ताणून बसलेला होता, त्यांच्या मापाचा.